करवंदीच्या जाळीतली शेवळं : मुरबाडजवळच्या एका उताराचा अभ्यास

रोहिणीच्या दोन-चार वळवाच्या सरी पडल्या की कल्याण, बदलापूर, कर्जत, वसई अशा ठिकाणी स्टेशनाबाहेर शेवळं दिसू लागतात. पाटीत तपकिरी-जांभळट कोंबांच्या जुड्या, शेजारी काकड नावाच्या रानझाडाच्या आंबट फळांचे वाटे आणि पाटीमागे पहाटेच्या गाडीने आलेली ठाकूर, कातकरी किंवा वारली बाई. मृग लागून पाऊस बसला की हंगाम आटोपतो.

इथे मांडलेलं प्रकरण मुरबाड तालुक्यातल्या एका ठाकूरवाडीमागच्या उताराचं आहे. वाडीचं नाव लिहिलेलं नाही, कारण रानभाजीची जागा एकदा जाहीर झाली की पुढच्या हंगामात तिथे गाड्या पोचतात. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. त्या वाडीतल्या बायकांबरोबर शेवळं खुडायला जाण्याची माझी सवय जुनी आहे, आणि हा अभ्यास त्या सवयीतूनच सुरू झाला.

वाडीतल्या बायकांचं म्हणणं एकच होतं, शेवळं कमी झाली. पूर्वी सकाळच्या एका फेरीत पाटी भरायची, आता उन्हं वर येईपर्यंत फिरावं लागतं. वनखात्याच्या एका कर्मचाऱ्याला हे पटत नव्हतं. तो श्रावणातला उतार दाखवायचा. खरोखरच तिथे शेवळाच्या पानांचं रान माजलेलं असायचं. वाडीतल्या एक आजी मात्र त्याला ठणकावून सांगायच्या, "पानं मोजून काय करता? पान काय बाजारात जातं?" दोघांनाही डोळ्यांसमोर दिसत होतं तेच ते सांगत होते, आणि तरी दोन्ही गोष्टी एकमेकींशी जुळत नव्हत्या. प्रकरणाचा गाभा हाच.

झाड कसं जगतं

शेवळ म्हणजे अमॉर्फोफॅलस कम्युटेटस, सुरणाच्या भावकीतलं. पश्चिम घाट आणि त्याच्या पायथ्याच्या पानझडी रानात ते वाढतं. वर्षातला बराच काळ जमिनीवर काहीच नसतं, गड्डा मातीखाली झोपलेला असतो. वळवाने माती ओली झाली की आधी फूल येतं, पान मागाहून. बाजारात ज्याला आपण शेवळ म्हणतो तो खरा तर न उमललेला फुलोरा आहे. बाहेर गुंडाळलेलं जांभळट आवरण आणि आत एक दांडा. दांड्याच्या तळाशी मादीफुलं, त्यांच्यावर पिवळसर दाणेदार नरफुलांचा पट्टा आणि वर लांब, गुळगुळीत शेंडा. पाऊस बसल्यावर एका गड्ड्याला एकच पान येतं. ठिपक्याठिपक्यांचा देठ आणि वर तीन फाट्यांत विभागलेली छत्री. ती छत्री पावसाळाभर गड्ड्यात अन्न भरते आणि पाऊस सरल्यावर पिवळी पडून आडवी होते.

स्वयंपाकाचा या प्रकरणाशी थेट संबंध आहे, म्हणून तेही सांगायला हवं. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. नीट न केलेली भाजी घशात टोचते ती त्यांच्यामुळे. म्हणून हाताला तेल लावून शेवळं सोलायची, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं आणि काकडांचा आंबट रस घालून पुरतं शिजवायचं. काकडाचं झाड त्याच उतारांवर वाढतं आणि त्याची फळंही याच दिवसांत येतात, त्यामुळे दोन्ही एकाच पाटीतून विकायला येतात. काकडं न मिळाल्यास चिंच किंवा आमसूल. वाडीवर भाजी साधी होते. शहरात सीकेपींच्या घरी त्यात कोलंबी, सोडे किंवा खिमा पडतो आणि वर्षातून एकदा तरी ती व्हावीच लागते. या सगळ्या खटपटीसाठी शेवळ मिटलेलं लागतं. उमललं की त्याला कुजक्या मांसासारखा वास सुटतो, माश्या नि भुंगेरे जमतात, आणि मग ते कोणी घेत नाही.

म्हणजे खुडणं होतं ते नेमकं उमलण्याच्या आधी. खुडलेल्या प्रत्येक शेवळाबरोबर त्या गड्ड्याचं त्या वर्षीचं बी जातं. गड्डा मात्र मरत नाही. जमिनीलगत बोटांनी मोडून घेतलं तर त्याला धक्काही लागत नाही, पुढे पान येतं, पुढच्या हंगामात पुन्हा फूल येऊ शकतं. आजींची पद्धत हीच. पातेरा बाजूला सारायचा, कोंब दोन बोटांत धरायचा, जरा पिळ देऊन मोडायचा आणि पातेरा परत सारखा करायचा. हलकं काम वाटतं, पण कोवळा देठ अर्ध्यावर न फाटता खालून निघायला हात बसावा लागतो.

कारणं तपासताना

वाडीत पहिलं बोट पावसाकडे जातं. वळीव चुकला तर शेवळं उशिरा आणि तुटक येतात, हे खरंच आहे. पण वळीव वेळेवर झालेल्या सालीही पाटी भरत नव्हती. नुसत्या पावसाने हे उलगडत नाही.

दुसरं कारण वनकर्मचाऱ्याचं, बायका ओरबाडतात. मला हे ऐकवत नाही. याच पद्धतीने याच घरांनी पिढ्यान्‌पिढ्या शेवळं खुडली आहेत. खुडण्यानेच ती संपायची असती तर आजींच्या आजीच्या वेळीच संपली असती. हल्ली बाहेरून येणारी काही माणसं विळ्याने खणून गड्ड्यासकट कोंब उपटतात. ते नुकसान आहे आणि मोठं आहे, पण ते उताराच्या रस्त्याकडच्या टोकाला दिसतं. आतल्या भागात खणल्याच्या खुणा नाहीत आणि घट तर तिथेही आहे.

वणव्याचंही नाव निघालं. उन्हाळ्यातला वणवा जमिनीवरून धावतो, गड्डा खाली सुरक्षित राहतो. जळालेल्या भागातही पावसाळ्यात पानं येताना दिसतात. साळिंदरं गड्डे उकरतात असंही सांगतात. त्यांची उकीर इथे-तिथे आहेही, पण साऱ्या उतारावर नाही.

उत्तराचा धागा मिळाला तो श्रावण-भाद्रपदात, म्हणजे शेवळांची आठवण कोणाला राहत नाही अशा दिवसांत. पानं किती, हे मोजण्याऐवजी ती केवढी आहेत हे पाहायला सुरुवात केली. शेवळाचं वय अदमासे पानावरून कळतं. बियातून नुकत्याच रुजलेल्या रोपाचं पान चिमुकलं, बोटभर देठावरचं असतं. गड्डा वर्षागणिक वाढतो तसं पान मोठं होत जातं, फाटे वाढतात, आणि पुरेसा साठा झाल्यावरच तो गड्डा फुलतो. त्याला कित्येक पावसाळे जावे लागतात.

वरच्या उतारावर, जिथे पानांचं रान माजलं होतं, तिथली पानं जवळपास सगळी थोराड होती. गुडघ्याच्या वर गेलेली. त्यांच्या पायाशी बसून पातेरा हलकेच उचलून पाहिला, तर लहान पान शोधूनही क्वचितच सापडे. ही म्हाताऱ्यांची वस्ती होती, पोरंबाळं नसलेली. गड्डा वर्षानुवर्षं जगतो, त्यामुळे वस्ती भरलेली दिसते. पण एखादा गड्डा कुजला, साळिंदराने खाल्ला, दरडीबरोबर गेला, की त्याची जागा घ्यायला कोणी नाही. घट हळूहळू होते आणि पानांच्या गर्दीत ती लपून राहते. आजी आणि वनकर्मचारी दोघांचंही निरीक्षण बरोबर होतं ते असं.

लहान-मोठी सगळ्या मापांची पानं एकाच प्रकारच्या जागी मिळाली, करवंदीच्या जाळ्यांच्या कडेला. जाळीत हात घालून, काटे चुकवत पाहिलं तर आत मागच्या जूनचे न खुडलेले फुलोरे फळांवर आलेले होते. दांड्याच्या तळाशी दाटीने बसलेली फळं, काही हिरवी, काही लाल व्हायला लागलेली. जाळीत शेवळ दिसलं तरी कोणी हात घालत नाही, करवंदीचा काटा माहीत असलेली बाई तर नाहीच. या उतारावर बी तयार होत होतं ते जाळ्यांत. तिथून पाखरांनी आणि पावसाच्या पाण्याने ते आसपास पसरत होतं. बायका खुडत होत्या उघड्यावरची शेवळं, आणि त्यांची भरपाई होत होती काट्यांतून. ही व्यवस्था कोणी आखलेली नव्हती, तरी पिढ्यान्‌पिढ्या चालली.

मग जाळ्या कुठे गेल्या, हा प्रश्न उरला, आणि त्याचं उत्तर वाडीतल्या पोरांनाही ठाऊक होतं. उताराचा वरचा भाग वनखात्याकडे आहे, खालचा खासगी मालकीचा. खालच्या भागात शेतांच्या बांधांना लागून दाट जाळ्या होत्या. ती जमीन विकली गेली, जेसीबी फिरला, सपाटीकरण झालं, फार्महाऊसचे प्लॉट पडले आणि तारेचं कुंपण आलं. वरच्या भागातल्या जाळ्या मुळातच तुरळक होत्या, त्यांतल्याही काही सरपणासाठी आणि गुरांच्या वाटेसाठी तुटल्या. प्लॉट पडले त्याच साली शेवळं कमी झाली नाहीत, म्हणून या दोन गोष्टींचा संबंध कोणी जोडला नाही. म्हातारे गड्डे आणखी बरीच वर्षं फुलत राहिले.

"पाचातलं एक सोडा" का चालत नाही

खुडणाऱ्यांना सल्ला देताना बहुतेक जण सांगतात, सगळी घेऊ नका, अधूनमधून एखादं सोडत जा. वाडीनेही आधी हेच करून पाहिलं. सोडलेली शेवळं उमलली, सडली आणि बहुतेक ठिकाणी फळ धरलं नाही.

कारण फुलोऱ्याच्या रचनेत आहे. सुरणाच्या या भावकीत एकाच दांड्यावर मादीफुलं आधी तयार होतात आणि नरफुलांतून पराग बाहेर पडतो तोवर त्यांची वेळ साधारण टळून गेलेली असते. स्वतःचा पराग स्वतःला उपयोगी पडत नाही. पराग घेऊन येणारा भुंगेरा किंवा माशी एक-दोन दिवस आधी उमललेल्या दुसऱ्या शेवळावरून यावी लागते, आणि ते शेवळ जवळपास असावं लागतं. पाचांतलं एक सोडलं आणि तेही उतारभर विखरून, तर प्रत्येक उरलेलं शेवळ एकटं पडतं. जाळीत फळ धरतं कारण तिथे एका जागी अनेक शेवळं पाठोपाठ उमलतात.

त्यामुळे सोडायचं तर एक तुकडा सबंध सोडायला हवा. मला या साऱ्या अभ्यासात सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट, आणि ती फक्त या उतारापुरती नाही. शेवळं खुडली जातात त्या प्रत्येक रानाला ती लागू पडेल.

तुकडा कसा निवडला

तुकडा ठरवण्यात माझा वाटा फार नव्हता. बायका बसल्या, बोलल्या, आणि वाघदेवाच्या दगडाभोवतीची जागा पुढे आली. तिथे लाकूड तोडत नाहीत, दोन काकडं आहेत, एक जुनी जाळी आहे आणि शेवळंही बरी येतात. अडचण अशी की त्या जागेवर दोघी जावा वर्षानुवर्षं खुडत आल्या होत्या. वाडीत कोणाची कुठली जागा हे लिहिलेलं नसलं तरी पक्कं असतं. शेवळांचे पैसे हातात येतात ते पेरणीच्या तोंडावर, घरात दुसरी आवक नसताना. त्यात पोरांच्या वह्या येतात, बियाणं येतं, दुकानदाराची उधारी फिटते. या दोघींनी जागा सोडायची आणि बाकीच्यांनी नुसतं शाबास म्हणायचं, हे कोणालाच पटलं नाही. शेवटी असं ठरलं की ओढ्याकाठच्या चांगल्या पट्ट्यात पहिली खुडणी या दोघींची, बाकीच्या त्यांच्या मागून. हे मी इतक्या तपशिलाने लिहिते आहे कारण राखीव जागांच्या योजना बहुधा इथेच मोडतात. जागा कोणाच्या ताटातून गेली, हे कोणी विचारत नाही.

पहिल्या हंगामात त्या तुकड्यात शेवळं उमलली तेव्हा वास वाडीपर्यंत आला. पोरांनी नाकं दाबली. भाद्रपदात फळं लाल झाली आणि त्यांतली निम्मीशिम्मी पाखरांनी नेली. उरलेल्यांतली थोडी बायकांनी काढली. गर हातावर खाजतो म्हणून राखेत चोळून बी वेगळं केलं आणि वरच्या उतारावर, सावलीच्या आणि पातेऱ्याच्या जागी, बोटाने खळगा करून पेरलं. राबासाठी पातेरा झाडून नेतात त्या शेताजवळच्या जागा आजींनी मुद्दाम टाळल्या. भाताचं रोप टाकण्याआधी तिथली जमीन भाजली जाते, वरचं बी काय टिकणार?

पुढच्या हंगामात मात्र गडबड झाली. पहाटे कोणीतरी येऊन राखलेल्या तुकड्यातली बरीच शेवळं नेली, काही गड्ड्यासकट. कोण आलं ते कळलं नाही. रस्त्यावर मोटारसायकलच्या खुणा होत्या एवढंच. वाडीत राग होता, आणि "आपण राखायचं नि दुसऱ्याने न्यायचं, त्यापेक्षा आपणच खुडू" हेही बोललं गेलं. त्यात चूक काही नव्हतं. तरीही दोघी जावांनीच आग्रह धरला की एक हंगाम आणखी बघू. जाळीच्या आतली शेवळं चोरांच्याही हाती लागली नव्हती, त्यांना फळ धरलं. त्या पावसाळ्यात वरच्या उतारावर, पेरलेल्या जागांपैकी काहींत, चिमुकली पानं दिसली. सगळीकडे नाही. जिथे पातेरा जाड होता आणि गुरं फिरली नव्हती, तिथेच.

कागदाची बाजू

बाहेरच्यांना अडवायचं कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न चोरीनंतर टोकदार झाला. उत्तर २००६ च्या वनहक्क कायद्यात आहे. कंदमुळं आणि वनौषधींसकट गौण वनउपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क तो पारंपरिक वननिवासींना देतो. सामूहिक वनसंसाधन राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्कही त्यातच आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये असा सामूहिक हक्क मिळवला आणि पुढे बांबूचा कारभार स्वतःकडे घेतला. मुरबाडच्या वाडीला शेवळांसाठी तोच रस्ता खुला आहे. बांबूच्या मानाने शेवळांचा पैसा थोडा, म्हणून त्यांचं नाव दाव्यांत फारसं येत नाही. माझ्या मते ते यायला हवं, कारण गोळा करण्याची परंपरा दाखवायला शेवळासारखा पुरावा नाही. कुठल्या नक्षत्रात, कुठल्या झाडाखाली, कोणाच्या घरची बाई कुठे खुडते, हे वाडीतला प्रत्येक म्हातारा सांगू शकतो, आणि वडीलधाऱ्यांचे जबाब नियमांनुसार पुरावा म्हणून धरले जातात. वाडीच्या दाव्यात शेवळं, काकडं, भारंगी आणि कंटोळी यांच्या जागा नकाशावर दाखवल्या आहेत. ग्रामसभेने ठराव करून दावा उपविभागस्तरीय समितीकडे पाठवला आहे. तिथून तो जिल्हास्तरीय समितीकडे जाईल.

खालच्या मालकीच्या जमिनीवर हा कायदा चालत नाही. तिथे फक्त विनंती करता येते. एका प्लॉटमालकाने कुंपणाच्या आतली बांधालगतची जाळी तशीच ठेवायचं कबूल केलं आहे. जाळीतली करवंदं त्याच्या मुलांना आवडतात, हे त्यामागचं कारण. कारण कुठलंही असो, जाळी राहिली तर बी राहील.

कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव ऑगस्टमध्ये, ९ तारखेच्या आदिवासी दिनाच्या सुमारास भरतात. तोवर शेवळांचा हंगाम संपलेला असतो, त्यामुळे तिथे या भाजीची ओळख नुसती फलकावर होते. पण शेवळांची खरी तपासणी त्याच महिन्यात करायची असते. मुरबाड, शहापूर, कर्जत किंवा जव्हारच्या रानात जाणाऱ्या कोणालाही ती जमेल. थोराड पानं दिसली की थांबा, त्यांच्या सावलीत लहान पानं आहेत का पाहा, आणि जवळच्या करवंदीच्या जाळीत डोकावून फळ धरलेला दांडा शोधा. काही तोडू नका, खणू नका. सापकांद्यासारखी याच कुळातली, खायची नसलेली झाडं त्याच रानात असतात. शेवळ हवं असेल तर ते रोहिणीत पाटीवाल्या बाईकडूनच घ्या, काकडांसकट. घेताना देठाचं टोक पाहा. स्वच्छ मोडलेलं असेल तर गड्डा रानात आहे. माती लागलेला गड्ड्याचा तुकडा त्याला चिकटलेला असेल, तर ती जुडी घेऊ नका आणि का घेत नाही ते विकणाऱ्याला सांगा.

यंदाच्या भाद्रपदात वाडीतल्या पोरी वरच्या उतारावरची लहान पानं पुन्हा पाहणार आहेत. पेरलेल्या जागांवर त्यांनी दगडांच्या खुणा ठेवल्या आहेत. ती रोपं फुलायला अजून बरेच पावसाळे लागतील, तोवर वाघदेवाचा तुकडा राखायचा असं ग्रामसभेच्या वहीत लिहून ठेवलं आहे.